पुरुषांचे मौन आणि दूरध्वनीवरील मदत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दहांतील सात. राज्यवार नोंदीत महाराष्ट्राचा २२,७४६ हा आकडा सर्वांत मोठा होता. जमाखर्च तपासण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. परंतु हे आकडे ताळेबंदासारखे वाचून पान उलटता येत नाही.

मानसोपचार विभागात केसपेपर काढणाऱ्या पुरुषांत स्वतःहून आलेले थोडेच असतात. बहुतेकांना पत्नी, आई वा बहीण घेऊन येते. तक्रारही झोप लागत नाही, छातीत धडधडते, पित्त उसळते अशी सांगितली जाते. नोकरी गेली, कर्जाचे हप्ते थकले, दारू वाढली, हे डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर बाहेर येते. घरातील कर्त्या पुरुषाने खचायचे नसते, असे लहानपणापासून शिकविले गेल्यावर पन्नाशीत तो एकाएकी मन कसे मोकळे करणार?

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णास अपघात विभागात आणले जाते, तेव्हा नातेवाइकांना मृत्यूइतकीच भीती पोलिसांची वाटते. ‘चुकून घेतले’ असे लिहून घ्या, अशी विनवणी होते. त्यामुळे उपचारांस आवश्यक अशी माहितीही दडविली जाते, आणि शुद्धीवर आलेला रुग्ण समुपदेशनाविनाच घरी जाऊ पाहतो. म्हणून आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो, की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून संहितेबरोबरच गेले. नव्या न्याय संहितेत, लोकसेवकास त्याच्या कर्तव्यापासून अडविण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा शिक्षापात्र राहिला आहे. रुग्णालयाने पोलिसांना कळविणे ही नोंदीची रीत आहे. तिला आरोप समजू नये.

ज्यांना रुग्णालयाची पायरी चढणे जड जाते, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालते व मराठीतूनही बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात. आवश्यकता भासल्यास मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सेवेकडे पाठवितात. २०२४ मध्ये तिचे मोबाइल ॲपही आले. रांगेत कोणी ओळखीचे भेटत नाही, ही सोय पुरुषांना विशेष मानवते, असे आमचे मत आहे. मात्र जिवाला तत्काळ धोका असेल, तेव्हा दूरध्वनीवर विसंबून न राहता रुग्णास एकटे न सोडता थेट रुग्णालयात आणावे.

घरच्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो : आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार डोक्यात भरणार नाही का? नाही. तज्ज्ञांचे सांगणे असे, की शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट माणसास बोलण्याची वाट मिळते. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे चल’ म्हटल्यास तो उठून जाईल. त्याऐवजी ‘तुला किती दिवस झोप नाही, आपण दोघे दाखवून येऊ’ असे म्हणावे. क्रमांक लावून फोन त्याच्या हाती द्यावा आणि हवे तर खोलीबाहेर बसावे. घरातील कीटकनाशके व जास्तीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे असावी. हा उपाय साधा वाटतो, पण अनेकदा कठीण घटका टळण्यास तेवढा अवधी पुरतो.

रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. त्या काळात प्रत्येक रुग्णास ठरल्या दिवशी दूरध्वनी करणे, तो न आल्यास पुन्हा बोलाविणे, यासाठी स्वतंत्र समाजसेवक लागतो. त्याच्या वेतनास शासकीय अनुदान नाही, आणि रुग्णांच्या देयकांतूनही ते निघत नाही. यंत्रसामग्रीसाठी देणग्या मिळतात. यंत्रावर नाव कोरता येते, दूरध्वनीवर येत नाही. तरी विश्वस्त मंडळाने या पदाचा विचार करावा व देणगीदारांनी त्यासाठी निधी राखून द्यावा, अशी आमची विनंती आहे.