काडीतला घड मोजताना

सप्टेंबर सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या पट्ट्यात शेतकरी द्राक्षाच्या काड्यांच्या मोळ्या घेऊन छोट्या प्रयोगशाळांच्या दारात येतात. प्रत्येक मोळीला प्लॉटचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते. टेबलाशी बसलेली मुलगी काडीवरचा एकेक डोळा ब्लेडने हलकेच कापते, सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि कागदावर नोंद करते. तिसऱ्या डोळ्यात काही नाही, पाचव्यात घड, सहाव्यात घड, सातव्यात घडाऐवजी नुसती बाळी. त्या कागदावरून मालक ठरवतो की यंदाची ऑक्टोबर छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची. छाटणी चुकीच्या डोळ्यावर पडली, तर वेल हिरवीगार फुटते आणि घड मात्र दिसत नाही. मग वर्षभराचा खर्च अंगावर येतो.

एखादा प्रदेश नवं शोधायला आणि नवं पचवायला किती समर्थ आहे, हे मोजायचं कसं, असा प्रश्न आला की मला ही मुलगी आठवते. द्राक्ष हे मुळात थंडी पडणाऱ्या मुलखातलं पीक. तिथे वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात फुटते. महाराष्ट्रात ती झोपतच नाही. म्हणून इथल्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी घ्यायची, तिच्यातून नवी काडी तयार करायची आणि ऑक्टोबरमध्ये त्या काडीवर फळछाटणी घ्यायची. घडाचा गर्भ उन्हाळ्यातच डोळ्यात धरतो. त्या दिवसांत आभाळ आलं, ऊन कमी पडलं, तर घड कमी धरतात. बाहेरून यातलं काहीच कळत नाही, त्यासाठी डोळा कापूनच बघावा लागतो.

ओईसीडी ही देशांची संघटना नवोपक्रम मोजण्यासाठी ‘ओस्लो मॅन्युअल’ नावाची पुस्तिका काढते. तिची पहिली आवृत्ती १९९२ सालची, चौथी २०१८ ची. तिच्यातल्या व्याख्येचा सारांश असा, की वस्तू किंवा काम करण्याची रीत आधीपेक्षा ठळकपणे नवी किंवा सुधारलेली असावी आणि ती प्रत्यक्ष वापरात आलेली असावी. पेटंट असलंच पाहिजे अशी अट तिच्यात नाही. या कसोटीवर काडी तपासणी नवोपक्रमात चोख बसते. तरीही मोठ्या मोजमापात ती कुठेच दिसत नाही. याचं कारण मोजण्याच्या रीतीत आहे.

आपल्याकडचं ठळक मोजमाप म्हणजे नीती आयोगाचा भारत नवोपक्रम निर्देशांक. त्याची तिसरी आवृत्ती, म्हणजे २०२१ ची, जुलै २०२२ मध्ये आली. तिच्यात ६६ निर्देशक होते, आधीच्या आवृत्तीत ३६. हे निर्देशक सात खांबांत विभागलेले आहेत. पाच खांब पूरक परिस्थितीचे: मनुष्यबळ, गुंतवणूक, ज्ञानावर काम करणारे लोक, व्यवसायाचं वातावरण, सुरक्षितता व कायदा. उरलेले दोन फलिताचे: ज्ञानाची निर्मिती आणि ज्ञानाचा प्रसार. प्रत्येक निर्देशक समान मापपट्टीवर आणतात, त्यांना वजन देतात, परिस्थितीची आणि फलिताची वेगवेगळी बेरीज काढतात आणि शेवटी दोहोंची सरासरी घेतात. मोठ्या राज्यांत कर्नाटक पहिलं आलं, त्याचे गुण १८.०१. त्यामागे तेलंगणा, हरियाणा, आणि चौथा महाराष्ट्र.

हे काम मोलाचं आहे. देशाचा संशोधन-विकासावरचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. अशा देशाला राज्याराज्यांची तुलना समोर असणं गरजेचंच. पण महाराष्ट्राच्या त्या एका आकड्यात पुण्याच्या वाहन कंपन्या, मुंबईच्या संशोधन संस्था, निफाडची बाग आणि गडचिरोलीचं जंगल असं सगळं एकत्र ओतलेलं आहे. सरासरीवरून निफाडात काय करायचं ते उमगत नाही. युरोपातली प्रादेशिक नवोपक्रम गुणतालिका देशाऐवजी प्रदेश मोजते. छोट्या उद्योगांनी संशोधन विभागाबाहेर नव्यावर केलेला खर्च आणि त्यांचं इतरांशी असलेलं सहकार्यही ती विचारात घेते. आपल्याला जिल्ह्याच्या, खरं तर पीकपट्ट्याच्या पातळीवर उतरायला हवं.

दुसरी अडचण पेटंटची. भारताच्या पेटंट कायद्यातल्या कलम ३ च्या ‘जे’ पोटकलमाप्रमाणे वनस्पती आणि त्यांचे वाण यांना पेटंट मिळतच नाही. शेतीच्या दृष्टीने ती तरतूद योग्य आहे असं मला वाटतं. पण तिचा परिणाम असा, की पेटंट मोजणाऱ्या तक्त्यात द्राक्षाच्या नव्या वाणांची नोंद शून्यच राहणार. प्रत्यक्षात चित्र काय आहे? सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला लांब मण्यांचा ‘सोनाका’ महाराष्ट्रभर पसरला. ‘तास-ए-गणेश’ तासगाव भागातल्या बागेतून आला. ‘शरद सीडलेस’ हा रशियन काळ्या वाणातून शेतकऱ्याच्याच नजरेने वेचला. हजारो वेलींत एक फांदी वेगळी दिसते, माणूस तिच्यापाशी थांबतो, तिच्या काड्या राखतो, त्यांचं कलम बांधतो आणि पुढची काही वर्षं तिच्यावर नजर ठेवतो. हे संशोधनच आहे. वाणांच्या हक्कासाठी २००१ चा वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, तेव्हा मोजायचंच असेल तर त्या नोंदवहीपासून सुरुवात करावी.

पण शोध हा निम्माच भाग. अर्थशास्त्रात ‘शोषणक्षमता’ नावाची संकल्पना आहे. कोहेन आणि लेव्हिन्थल यांनी ती १९९० मध्ये मांडली. बाहेरचं ज्ञान ओळखायचं, आत घ्यायचं आणि कामाला लावायचं, ही ताकद आधीच्या शिकण्यावर उभी असते, असं ते म्हणतात. जमीन पाणी किती जिरवते तसंच हे. द्राक्षपट्ट्याने या बाबतीत दोन परीक्षा दिल्या आहेत, आणि त्या कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त सांगून जातात.

पहिली २००३ ची. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडले आणि युरोपभर सूचना गेली. त्यावर अंशांच्या तपासणीची योजना आली आणि २००६ मध्ये शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेने ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. त्याची रीत साधी आहे. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल संगणकावर चढतो. अंश मर्यादेबाहेर असतील तर त्या क्रमांकाचा माल युरोपला जाणारच नाही, अशी खूण पडते. पुढे पॅकहाउसमधल्या खोक्यावरही तोच धागा चालतो. रॉटरडॅमला उतरलेलं खोकं परत त्याच प्लॉटपर्यंत शोधत नेता येतं. या साखळीत पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा आहे. ते केंद्र १९९७ पासून आहे. ते आधीपासून नसतं, तर २००३ नंतर हे इतक्या लवकर उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरी परीक्षा २०१० ची, आणि ती जास्त कडू. वेलीची वाढ आवरून घडधारणा वाढवण्यासाठी शेतकरी ‘सीसीसी’ हे संजीवक वापरत. त्याचं पूर्ण नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड. युरोपातली त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. प्रयोगशाळा होत्या, संगणक होता, नमुने घेतले जात होते, फक्त नेमकी ही एक गोष्ट कोणी विचारली नाही. माल युरोपात अडला, शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, अनेक घरं कर्जात गेली. पुढच्या हंगामात सीसीसी यादीत आलं आणि त्याचा वापर थांबवण्याचा सल्ला गावोगाव पोचला.

या दोन प्रसंगांतून मोजायची खरी गोष्ट हाती लागते, ती म्हणजे वेळ. अडचण पहिल्यांदा दिसल्यापासून तिचं कारण कळेपर्यंत किती दिवस गेले, कारण कळल्यापासून खात्रीचा उपाय मिळेपर्यंत किती, आणि उपाय मिळाल्यापासून एक एकरवाल्या शेतकऱ्याच्या बागेत तो दिसेपर्यंत किती. हे तीन आकडे दर हंगामाला, दर तालुक्याला लिहून ठेवता येतात. त्यासाठी साहित्यही हाताशी आहे: ग्रेपनेटच्या नोंदी, प्रयोगशाळांचे अहवाल, औषधांच्या दुकानांची विक्री, बागायतदार संघाच्या चर्चासत्रांत लोकांनी विचारलेले प्रश्न. चौथी नोंद संबंधांची. शंभर शेतकऱ्यांना विचारायचं की नवा रोग दिसला तर पहिला फोन कोणाला करता. सगळी बोटं एकाच दुकानदाराकडे वळली तर ती धोक्याची खूण. शेजारचा अनुभवी बागायतदार, मांजरीचे शास्त्रज्ञ, पॅकहाउसचा माणूस, खासगी सल्लागार असे वेगवेगळे रस्ते निघाले तर पट्टा भक्कम आहे.

आणि ताकद वाढवायची कशी? इमारत बांधायची, तिला नवोपक्रम केंद्र म्हणायचं आणि फीत कापायची, हा रस्ता सोपा आहे. माझ्या मते पहिला रुपया प्रयोगाच्या जोखमीवर खर्च व्हावा. नव्या वाणाची वेल नीट फळायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर त्या जमिनीतून घरात पैसा येत नाही. एक एकरवाला हा प्रयोग करूच शकत नाही. म्हणून नवं नेहमी मोठ्या बागेत आधी येतं. तालुक्यात पाच-सहा लहान बागांच्या चार-चार ओळी प्रयोगासाठी राखून त्यांचं बुडणारं उत्पन्न भरून दिलं, तर शिकण्याचा पाया रुंदावेल.

वाणांचा प्रश्न तर तातडीचा आहे. आपले बहुतेक पांढरे वाण एकाच थॉमसनचे भाऊबंद आहेत, आणि जगाचं गिऱ्हाईक पेटंट घेतलेल्या नव्या रंगीत वाणांकडे गेलं आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने परवाना घेऊन ‘आरा’ वाण आणले, हे पाऊल मोठं आहे. मांजरी केंद्राने ‘मांजरी नवीन’, रसासाठी ‘मांजरी मेडिका’ असे वाण दिले. तरी संकरातून वाण निघायला दशकभर जातं, आणि इतक्या लांबच्या कामाला दर वर्षी बदलणारं अनुदान पुरत नाही.

शेवटी पुन्हा त्या टेबलाशी येतो. डोळा कापणारी मुलगी हे काम बहुधा कोणाच्या तरी हाताखाली शिकलेली असते. तिच्या कौशल्याला प्रमाणपत्र नाही, आणि हंगाम संपला की कामही नाही. मणी विरळणाऱ्या, घड ‘जीए’ या संजीवकाच्या द्रावणात बुडवणाऱ्या बायकांचं तसंच. तिच्या कागदांच्या प्रती गेल्या दहा वर्षांच्या जरी कोणी जपल्या असत्या, तरी कुठल्या गावात, कुठल्या हवामानात, कितव्या डोळ्यावर घड धरला याचा असा साठा तयार झाला असता की जूनच्या ढगांवरून ऑक्टोबरचा अंदाज बांधता आला असता. ते कागद छाटणी झाली की शेतकऱ्याच्या खिशातच विरून जातात. येत्या सप्टेंबरात एका तालुक्यातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी शेतकऱ्याला विचारून एक-एक प्रत वेगळी काढून ठेवावी. त्यासाठी फक्त एक जाड वही लागते.