सहा महिन्यांची मुदत, सात वर्षांची धाव

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायरमध्ये लीड्स नावाचे मोठे शहर आहे. तेथे दरवर्षी उन्हाळ्यात दहा किलोमीटरची एक शर्यत होते. कसलेले धावपटू तीत असतातच, पण घरसंसारातली साधी माणसेही असतात. कुणी वडिलांच्या आठवणीत धावते, कुणी बहिणीच्या, कुणी एखाद्या इस्पितळासाठी पैसे गोळा करायला. ही शर्यत जिच्या मनातून निघाली ती स्त्री तीन मुलांची आई होती आणि इस्पितळात एक्स-रे काढण्याचे काम करत होती. जेन टॉमलिन्सन तिचे नाव. २००७ च्या जूनमध्ये पहिली शर्यत झाली आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबरला जेन वारली. वय अवघे ४३.

आपल्या घरांतून हे नाव फारसे कुणी ऐकलेले नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

जेनचा जन्म १९६४ चा, लीड्सजवळच्या वेकफिल्डमधला. १९९० मध्ये, म्हणजे वयाच्या २६ व्या वर्षी, तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. घरात नवरा माइक आणि दोन लहान मुली. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले, आणि संसार पुन्हा मार्गी लागला. पुढे मुलगाही झाला. दहा वर्षे अशी गेली. मग २००० साली कळले की आजार हाडांपर्यंत पोहोचला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आता तो मुळापासून जाणार नाही. फार तर सहा महिने. धाकटा मुलगा तेव्हा तीन-चार वर्षांचा होता.

ती खऱ्या अर्थाने धावू लागली ती या निकालानंतर. मला तिच्या कहाणीतली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. तरुणपणी पदके मिळवलेली खेळाडू नंतर आजारी पडली, अशी ही हकिकत नाही. सुरुवात झाली २००१ मध्ये, पाच किलोमीटरच्या एका धावेने. कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला तिकडे स्त्रियांच्या अशा धावा भरवतात. पाच किलोमीटर म्हणजे आपल्याकडे शाळेपासून पुढच्या गावापर्यंतचे अंतर. पुढच्या वर्षी ती लंडनच्या मॅरेथॉनमध्ये उतरली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. धडधाकट माणसाचे पायही शेवटच्या टप्प्यात जड होतात, आणि हिच्या तर हाडांतच रोग होता. लंडनची मॅरेथॉन तिने एकूण तीनदा पूर्ण केली, न्यूयॉर्कची एकदा.

२००३ मध्ये भावाबरोबर दोघांनी चालवायच्या सायकलवरून तिने ब्रिटनचे एक टोक ते दुसरे टोक गाठले. पुढच्या वर्षी तसाच प्रवास रोमपासून घरापर्यंत केला. २००४ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लोरिडा येथे आयर्नमॅन नावाची शर्यत पार केली. तीत आधी ३.८ किलोमीटर पोहायचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन धावायची. हे सगळे १७ तासांच्या आत. वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “मॅडम, तीन दिवसांत ना?” नाही, एकाच दिवसात.

२००६ मध्ये तिने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकल चालवली. नऊ आठवडे लागले. तब्येत तोवर खूपच ढासळली होती. या सगळ्यातून तिने मरेपर्यंत साडेअठरा लाख पौंड उभे केले, त्या वेळच्या दराने अंदाजे पंधरा कोटी रुपये. कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना ते गेले.

ही हकिकत मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा एका वडीलधाऱ्या आपांनी पटकन विचारले, “सहाच महिने उरले होते तर बाईने लेकरांजवळ बसायचे सोडून रस्त्यावर पळायचे कशाला?” प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. सरावाला तास लागतात, सायकलप्रवासाला आठवडे. हा वेळ कुठून तरी काढावा लागतो, आणि आईचा वेळ बहुधा मुलांच्या वाट्यातूनच निघतो. जेन आणि माइक यांनी मिळून लिहिलेले पुस्तक २००५ मध्ये आले, त्याच्या नावाचा अर्थच ‘वेळेची चैन’ असा होतो. ज्यांच्या हातात वेळच नव्हता त्यांनी हे नाव ठेवावे, यावर मी बराच विचार केला. मला असे वाटते की डॉक्टरांनी सांगितलेली तारीख डोळ्यांपुढे ठेवून बसलेली आई मुलांना मिळते खरी, पण त्या घरात सगळेच तारखेकडे पाहत असतात. पुढची शर्यत समोर असली की घरात बोलायला दुसरेही विषय राहतात: बूट कुठे आहेत, पाऊस पडेल का, डबा कोण भरणार. त्या घरात आजाराचे नाव घ्यायला बंदी नव्हती. मुलांना ठाऊक होते आणि ठाऊक असूनही त्यांचे लहानपण चालू राहिले. आपांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे मी येथे मुद्दाम नोंदवते, कारण अनेक वाचक भगिनींना तेच पटेल.

धावण्याने तिचा कॅन्सर बरा झाला नाही, आणि असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आजारी माणसाला “जेनसारखी हिंमत धर” म्हणणे हाही एक प्रकारचा जुलूमच आहे. केमोथेरपीने ज्यांना उठून वुजूला जाणेही जड होते, त्यांच्यासाठी अंगणातल्या चार फेऱ्या हीच मॅरेथॉन. झेपेल इतके चालणे-फिरणे उपचारातला थकवा कमी करते, असे डॉक्टरही सांगतात. पण रोग हाडात उतरला असेल तर हाड मोडण्याची भीती असते, म्हणून काय करावे आणि किती करावे हे त्यांनाच विचारावे.

मला तिच्या धावण्याइतकेच तिचे न लपवणे महत्त्वाचे वाटते.

काही वर्षांपूर्वी नववीतली माझी एक विद्यार्थिनी अधूनमधून गैरहजर राहू लागली. हुशार मुलगी, उर्दूत अक्षर मोत्यासारखे. विचारले की म्हणायची, “अम्मीला बरं नाही.” काय झाले आहे हे तिला खरोखरच माहीत नव्हते. अम्मीला छातीत गाठ लागली होती आणि तिने ती दीड वर्ष कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. तालुक्याला बाई डॉक्टर नव्हती, मोठ्या मुलीचे लग्न ठरत होते, आणि अशा गोष्टीचा बोभाटा झाला तर स्थळ मोडेल अशी धास्ती होती. शिवाय गाठ दुखत नव्हती. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही, हाच तर धोका. मुंबईला नेले तेव्हा उशीर झाला होता. मी भेटायला गेले तेव्हा शेजारच्या खाला कौतुकाने म्हणाल्या, “किती सब्रवाली बाई, हूं की चूं केलं नाही.” मय्यतीच्या घरात वाद घालू नये म्हणून मी गप्प बसले. पण मनात आले, की सब्र हा इलाज चालू असताना करायचा असतो. गाठ ओढणीखाली झाकून ठेवणे याला सब्र म्हणायला माझी जीभ वळत नाही.

स्तनाचा कॅन्सर हा आज भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. आणि तपासणीसाठी दरवेळी मोठे यंत्रच लागते असेही नाही. परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांची हाताने तपासणी करत. तेथे आजार अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधले या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणारी बाई होती, हत्यार म्हणजे तिची बोटे होती. ज्या घरांतून पुरुष डॉक्टरपुढे जायला संकोच वाटतो, त्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांवरही तिशीपुढच्या स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. आपल्या भागात ती कोणत्या दिवशी असते हे आशाताईला विचारा. आणि कधीही, कोणत्याही वयात, गाठ हाताला लागली, त्वचेला खळी पडली, बोंड आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहत बसू नका.

जेनला शेवटच्या काळात लीड्समधल्या सेंट जेम्मा या शुश्रूषागृहात ठेवले होते. तेथेच तिने प्राण सोडला. सहा महिन्यांच्या जागी तिला सात वर्षे मिळाली. थोरल्या मुली तोवर तरुण झाल्या होत्या, धाकटा दहा वर्षांचा. तीन-चार वर्षांच्या मुलाला आईचा चेहराही नीट आठवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला तिचा आवाज, तिचा राग, तिच्या हातची चव, सगळे आठवते. पदके आणि राणीने दिलेले किताब एका बाजूला ठेवले तरी हा फरक राहतोच.

माइकने तिचे काम थांबू दिले नाही. लीड्सची शर्यत चालू राहिली, इतर शहरांतही सुरू झाल्या. २०२३ च्या मे महिन्यात याच संस्थेने लीड्समध्ये पूर्ण मॅरेथॉन भरवली. रग्बीचा खेळाडू रॉब बरो याच्या नावाने ती होती. स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता. त्याचा जुना सहखेळाडू केव्हिन सिनफिल्ड याने खुर्ची ढकलत सारे ४२ किलोमीटर पार केले, शेवटची रेषा जवळ आल्यावर थांबून मित्राला दोन्ही हातांवर उचलून घेतले, आणि ते शेवटचे थोडे अंतर तो चालत गेला.