काळ्या कोटावरचा पांढरा केस

भेडाघाटला पोचलं की आधी नजरेत भरतो तो पांढरा रंग. संगमरवरी कड्यांमधून नर्मदा जाते, धुवांधारला तिचं पाणी कोसळून तुषारांचा धूर होतो, आणि बाजारात त्याच पांढऱ्या दगडातून कोरलेले गणपती, नंदी, हत्ती, करंडे मांडलेले असतात. दगड घडवतात तिथे पिठासारखी भुकटी सगळ्यावर बसते. ती कोरड्या फडक्याने झटकली की उडते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. ओल्या फडक्याने टिपली तर जाते. घरात केसाळ प्राणी पाळणाऱ्याने भेडाघाटहून दुसरं काही नाही आणलं तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवावं.

इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर जबलपूर. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, जुन्या प्रांताची नागपूरची राजधानी गेली आणि नव्या राज्याचं उच्च न्यायालय जबलपुरात आलं. तेव्हापासून हे काळ्या कोटांचं शहर. आणि काळ्या कोटाचा वैरी म्हणजे पांढरं कुत्रं. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो; ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. अशा टफीला सकाळी निघताना एकदा उचलून घेतलं, की दिवसभर कोट त्याची साक्ष देत राहतो.

केस गळणं हा आजार नाही, हे आधी सांगायला हवं. माणसाच्या डोक्यावरचे रोज पन्नास ते शंभर केस जातातच. फक्त ते बाथरूमच्या जाळीत अडकतात म्हणून घरभर दिसत नाहीत. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबते, मग तो मुळाशी नुसता टेकून राहतो आणि एक दिवस सुटतो. कुत्र्या-मांजरांतही हेच चक्र आहे. फरक एवढाच, की स्पिट्झ, लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, हस्की अशा जातींना दोन थर असतात: वरचे राठ, लांब केस आणि खाली दाट मऊ लव. गळते ती मुख्यतः ही लव. लॅब्रेडोर आखूड केसांचा, म्हणून त्रास कमी, असं समजून तो आणणारे पुढे वर्षभर सोफा झाडत बसतात. त्याचे आखूड ताठ केस सुईसारखे कापडाच्या विणीत घुसतात. स्पिट्झचा लांब केस निदान चिमटीत तरी सापडतो.

लव कधी टाकायची हे प्राण्याला मुख्यतः उजेड सांगतो. थंडी-उन्हाचा वाटा असतोच, पण दिवस किती लांब आहे यावर शरीराचं घड्याळ चालतं. इथे भूगोल आड येतो. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांचा, जूनमधला सर्वांत मोठा साधारण साडेतेरा तासांचा. सायबेरियाच्या उत्तरेत उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही. तिथल्या हवेत घडलेल्या हस्कीला ऋतूंची दवंडी स्पष्ट ऐकू येते. नर्मदाकाठी ती कुजबुजीसारखी येते. त्यातून कुत्रं घरात, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट, शिवाय एसी. अशा घरातलं कुत्रं वर्षातून दोनदा भरभरून केस टाकण्याऐवजी बाराही महिने थोडे थोडे टाकत राहतं. घाटावरच्या मोकाट कुत्र्याला ही अडचण नसते. त्याचा केसांचा कोट मुळात आखूड, आणि तो टाकायला अख्खा घाट आहे.

मग न गळणारं कुत्रं नसतंच का? जवळजवळ नसतं, असं उत्तर आहे. पूडल किंवा शिह त्झूचे केस फार कमी पडतात, कारण त्यांची वाढ बराच काळ चालूच राहते. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं, की कुत्र्यांच्या कोटातली बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांच्या फरकांनी समजावता येते: एक लांबीचं, एक कुरळेपणाचं आणि एक दाढी-भुवयांच्या झुपक्यांचं. या झुपकेवाल्या जातींचे केसही सहसा कमी गळतात.

भेडाघाट या नावात हिंदी बोलणाऱ्याला ‘भेड’ दिसते. नावाची जोड मात्र भृगू ऋषींशी लावतात. तरी मेंढीचा विषय इथे अगदीच परका नाही. रानमेंढी दर वसंतात आपली लोकर आपणच टाकते. हजारो वर्षं निवड करून माणसाने न गळणारी लोकर मिळवली, आणि त्याच्याबरोबर कातरणीचं कामही पदरात घेतलं. आपला धनगर दख्खनी मेंढीची लोकर कातरतो तेव्हा घोंगडी होते. पूडल पाळणाऱ्याचं तेच: केस जमिनीवर पडत नाहीत, पण दर दीड-दोन महिन्यांनी कात्री चालवावी लागते, नाहीतर गाठींचं नमदं तयार होतं. त्रास चुकत नाही, त्याचं ठिकाण बदलतं.

लडाखच्या चांगथांगी बकऱ्यांचा मार्ग निराळा. वसंतात त्यांची लव सुटू लागली की पाळणारे ती कंगव्याने विंचरून काढतात. पश्मिना तो हाच. जी लव काश्मिरात शालीत जाते, ती जबलपुरात सोफ्यात जाते, कारण वेळेवर कंगवा फिरत नाही. सुटू घातलेला केस पडणारच आहे. तो दिवाणखान्यात पडावा की गच्चीवर ब्रशमध्ये, एवढंच घरच्यांच्या हाती असतं.

म्हणून खरा उपाय म्हणजे विंचरणं, आणि तेही घराबाहेर. दोन थरांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीनदा, लव सुटायच्या दिवसांत रोज. आखूड केसांना रबरी दातांचा ब्रश पुरतो; दाट लवेला लांब दातांचा दंताळ्यासारखा कंगवा लागतो, तो कातडीपर्यंत पोचला पाहिजे. वरवर ब्रश फिरवला की कुत्रं चकचकीत दिसतं आणि आतली लव तशीच राहते. धारदार पात्याची जी खास साधनं मिळतात ती एका जागी फार वेळ चालवली, तर वरचे चांगले केसही तुटतात. उवांची फणी मात्र घरात असू द्यावी. केसांसाठी नाही, पिसवांसाठी.

आंघोळ विंचरल्यानंतर. आधी पाणी घातलं तर गाठी आवळून बसतात. शाम्पू कुत्र्याचाच हवा. आपल्या कातडीला किंचित आम्लता असते, कुत्र्याची कातडी तिच्यापेक्षा बरीच कमी आम्ल असते. कोमट पाण्याने लव मोकळी होते, म्हणून अंग पुरतं वाळल्यावर पुन्हा एकदा विंचरावं. त्या दिवशी निघणारा ढीग पाहून नवखा माणूस घाबरतो.

उन्हाळ्यात कुत्र्याचं मुंडण करून आणणं हा मध्य भारतातला आवडता गैरसमज आहे. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि मालकाला दया येते. पण दोन थरांचा कोट ऊन अडवण्याचंही काम करतो. तो काढला की कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांत केस परत नीट येतही नाहीत. शिवाय गळणं थांबत नाहीच. आखूड झालेले केस गळतात, म्हणजे काढायला आणखी अवघड.

ताटाचाही संबंध आहे. केस जवळजवळ सगळाच प्रथिनांचा असतो, आणि कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांचा मोठा वाटा कातडी आणि केसांवर खर्च होतो. निव्वळ दूध-पोळीवर वाढणाऱ्या कुत्र्याचा कोट कोरडा, निस्तेज होतो आणि जास्त गळतो. त्यात अंडी, मांस किंवा नीट बनवलेला तयार आहार आला, माशाच्या तेलासारखी चरबी थोडी आली, की सहा-आठ आठवड्यांत फरक दिसू लागतो. त्याआधी नाही, नवा केस उगवायला वेळ लागतो.

मात्र गळण्याची तऱ्हा बदलली तर ब्रश बाजूला ठेवावा. गोल चकत्या पडल्या तर बुरशी असू शकते, आणि ती माणसालाही लागते. सतत खाजवणं हे खरूज, गोचीड, पिसवांचं लक्षण. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होऊ लागले आणि कुत्रं सुस्तावलं, तर थायरॉइड तपासून घ्यावं. पिल्लं झाल्यावर कुत्री काही आठवडे खूप केस टाकते, त्याची चिंता नको. जबलपूरकरांचं एक भाग्य असं, की इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे. २००९ साली त्याच्या पायावर विद्यापीठ उभं राहिलं आणि पुढे त्याला नाव मिळालं नानाजी देशमुखांचं, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीच्या मराठी माणसाचं.

आता घर. कोरडा झाडू हा केसांचा मित्र आहे. तो फिरला की केस उडून पंख्यावर, पडद्यावर जाऊन बसतात. आधी ओलसर फडकं, मग झाडू. सोफ्यासाठी महागडं यंत्र नसलं तरी भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढावा. केसांच्या वळ्या होऊन येतात. जाजम, गालिचा यांवर बाथरूमचा रबरी वायपर अगदी उत्तम चालतो. ही रबराच्या घर्षणाची आणि ओलाव्याची साधी किमया आहे. कोरड्या हवेत केस आणि पॉलिएस्टर एकमेकांना घासले की विजेचा भार जमतो आणि केस चिकटून बसतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत ही चिकटाचिकटी वाढते आणि पावसाळ्यात तिची जागा ओल्या कुत्र्याचा वास घेतो.

कापडाची निवड अर्धं काम करते. मखमल, लोकर, जाड विणीचं सोफ्याचं कापड केस धरून ठेवतं. घट्ट विणीचं गुळगुळीत सुती कापड किंवा रेक्झिन धरत नाही. सर्वांत स्वस्त उपाय आपल्या आज्यांचाच: सोफ्यावर जुनी सुती चादर टाकावी, पाहुणे आले की काढावी. प्राण्याची जागाही ठरवून द्यावी, शक्यतो त्याच्या रंगाच्या अंथरुणाची. काळ्या कुत्र्याला पांढरी गोधडी देणारा स्वतःच्या हाताने काम वाढवतो.

कपडे धुण्याआधी झटकावेत, नंतर नाही. ओला झालेला केस धाग्यांत गुंततो आणि मशीन तो सगळ्या कपड्यांना वाटून देतं. प्राण्याचं अंथरूण वेगळं धुवावं, दर खेपेला मशीनची जाळी साफ करावी, आणि दोरीवरून काढताना पुन्हा एक सणसणीत झटका द्यावा. काळा कोट प्राण्याची ये-जा नसलेल्या खोलीत टांगावा. ऑफिसच्या पिशवीत चिकट कागदाचं रोलर असू द्यावं.

मांजराची गोष्ट थोडी वेगळी. ते दिवसभर स्वतःला चाटतं, सुटलेले केस गिळतं, आणि मग ते गोळे होऊन उलटीतून पडतात. विंचरण्याने गालिचाही वाचतो आणि मांजरही. मांजरामुळे शिंका येणाऱ्यांचा रोख बहुधा केसांवर असतो. खरा गुन्हेगार लाळेतलं आणि कातडीतलं एक प्रथिन आहे, केस हे त्याचं वाहन. त्यामुळे ‘अॅलर्जी न होणारं’ म्हणून विकलं जाणारं मांजर घेताना पैसे जपून मोजावेत.

गळलेल्या केसाची किंमत जंगलात मात्र फार मोठी असते. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९६०च्या दशकात कान्हाच्या जंगलात वाघाच्या विष्ठेतले न पचलेले केस तपासून त्याने चितळ खाल्लं की सांबर, हे ठरवत होते. केसावरच्या खवल्यांची नक्षी आणि आतल्या गाभ्याची ठेवण प्राण्यागणिक वेगळी असते. जबलपूरच्या विद्यापीठात वन्यजीव न्यायवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. सोफ्यावरून झटकला जाणारा केस तिथे पुरावा ठरू शकतो.

ब्रशमधून निघालेली लव पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून बागेत टाकण्याची पद्धत आहे, ती मात्र जपून पाळावी. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ घरट्यांतले केस तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल सापडलं. गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायच्या थेंबांत हे कीटकनाशक आपल्याकडेही सर्रास असतं. असे थेंब टाकलेल्या प्राण्याचे केस कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकावेत.