पायाखालचे कोठार

शिडाच्या छोट्या बोटीत सुकाणू हाती धरून बसायची खोलगट जागा म्हणजे कॉकपिट. दिसायला हा नुसता हौद. पण त्याच्या बाकांखाली आणि तळाखाली दोर, शिडे, नांगर आणि सुकाणूची यंत्रणा यांना जागा मिळते. तिथवर हात पोहोचावा म्हणून ठेवलेली झाकणबंद तोंडे म्हणजे हॅच.

अशा जागेची किंमत लांबच्या सफरीत कळते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती चार बंदरांत थांबत. २०१२-१३ मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता पाच महिने फिरले. अन्नापासून सुट्या भागांपर्यंत सारे काही बोटीतच हवे होते. ‘तारिणी’ ही तिची बहीण. सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन निघालेल्या या बोटीला एप्रिल २०१८ मध्ये सुकाणूतल्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबावे लागले.

मग हवी तितकी तोंडे का पाडू नयेत? कारण लाट. दोन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल कॉकपिट भरले, तर सुमारे ४९० किलो पाणी साठते. कॉकपिटचा तळ समुद्राच्या पातळीपेक्षा उंच असल्याने ते नळ्यांतून आपोआप बाहेर जाते. झाकण गळके असले, तर तेच पाणी बोटीच्या पोटात शिरते.

म्हणून हॅचभोवती पन्हळ, रबरी गॅस्केट आणि घट्ट कड्या हव्यात. कोपरे गोल ठेवावेत. काटकोनात ताण साठून तडा जातो. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड असेल, तर कापलेली कड पाणी पिऊन कुजते. तिथले लाकूड थोडे कोरून पोकळीत इपॉक्सी भरावे. जड सामान खाली आणि मध्यभागी ठेवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. त्याच्या सिलिंडरला बोटीबाहेर निचरा होणारा स्वतंत्र, बंद कप्पा लागतो.

झाकण घट्ट बसवण्याचे हे कसब कारखान्यांतही लागते. कोल्हापूरजवळचे उचगाव शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या मध्ये आहे. गॅस्केट आणि सारखे आवळलेले बोल्ट यांचे महत्त्व तिथल्या कारागिराला वेगळे सांगायला नको. समुद्रावरही नियम तेच. नवे झाकण बसवल्यावर त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि आतून हाताचे बोट फिरवून पाहावे. बोट कोरडे निघाले, तरच नौका पाण्यात न्यावी.