सुगंधी पाणी व शुद्ध पाणी

मावळांत पाण्याची टंचाई असते असें सांगितलें तर परक्या मनुष्यास तें खरें वाटणार नाहीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावलेली इंद्रायणी येथूनच देहू-आळंदीकडे जाते. वळवण, शिरोता व लोणावळा येथील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून त्यावर इ. स. १९१५ पासून वीज उत्पन्न केली जात आहे. इतकें असूनही चैत्र-वैशाखांत डोंगराच्या अंगावरील कित्येक वाड्यांतून बायकांना डोक्यावर हंडे घेऊन दूरवर जावें लागतें. याचें कारण उघड आहे. आपली भूमि काळ्या खडकाची व उताराची. पाऊस पडतो तो वाहून जातो, मुरतो थोडा. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी कार्लें, भाजें व बेडसें येथें लेण्यांबरोबर कातळांत पोढी खोदून पाणी सांठविलें. बेडशाच्या एका पोढीवर सामडिनिका नांवाच्या महारठिनीनें ती दान दिल्याचा लेख आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं या मावळांत पाण्याचें दान लेख कोरून ठेवण्याजोगें मानलें जात होतें, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

ज्या प्रदेशांत पाण्याची अशी थोरवी, तेथें तें रुचकर करून पाहुण्यापुढें ठेवण्याची रीतिही जुनीच असणार. माठांत वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याचीं चार फुलें टाकणें, आजाऱ्यास धनेजिऱ्याचें पाणी देणें, पावसाळ्यांत गवती चहाचा काढा घेणें, या गोष्टी आपल्या आजीबाईंस कोणी शिकविल्या नव्हत्या. हल्लीं शहरांतून फळांच्या चकत्या व पानें घातलेलें पाणी कांचेच्या सुबक भांड्यांत भरून ठेवण्याची चाल पडली आहे, व तें कांहीं नवें आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः मूळ कल्पना आपल्या घरचीच आहे. शार्ङ्गधरसंहितेंत औषधी द्रव्यांपासून करावयाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘हिम’ म्हणजे द्रव्य कुटून थंड पाण्यांत रात्रभर भिजविणें, आणि ‘फांट’ म्हणजे त्यावर कढत पाणी ओतून तें गाळून घेणें. आजचें फळांचें पाणी हा हिमाचाच सौम्य प्रकार होय, आणि चहा हा फांट होय.

परंतु कृति सांगण्यापूर्वीं आमच्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण हा लेख लिहिण्याची इच्छा त्यांतूनच उत्पन्न झाली.

मागील वैशाखांत आमच्या वर्गांतील कांहीं मुलें लोहगडावर सहलीस गेलीं. घरून नेलेलें पाणी पायथ्याशींच संपलें. वाटेंतल्या एका विहिरीचें पाणी आम्हीं डब्यांत भरून घेतलें. तें किंचित् गढूळ दिसत होतें व त्यास शेवाळाचा वासही येत होता. आमच्यापैकीं एकानें बरोबरचीं दोन लिंबें चिरून त्यांत टाकलीं, दुसऱ्यानें पुदिन्याची जुडी चुरून घातली. घटकाभरानें पाहतों तों वास नाहींसा झालेला, आणि पाणी इतकें रुचकर लागलें कीं सर्वांनीं पुनःपुन्हा मागून घेतलें. “आतां पाणी शुद्ध झालें,” असें आम्हीं एकमेकांस सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पांच जणांस हगवण लागली. सर्वांत लहान मुलगा, जो केवळ थोरल्या भावाच्या हट्टानें बरोबर आला होता, त्यास दोन रात्री दवाखान्यांत काढाव्या लागल्या. त्याच्या आईनें आम्हांस एकच प्रश्न विचारला : “पाणी कसें होतें?” आणि आम्हीं सर्वांनीं खालीं मान घालून सांगितलें, “फार चांगलें लागत होतें.”

चांगलें लागणें व चांगलें असणें यांतील अंतर त्या दिवशीं आम्हांस कळलें. आमचें अज्ञान नवें नव्हतें हें पुढें वाचनांत आलें. इ. स. १८५४ सालीं लंडन शहरांत ब्रॉड स्ट्रीट नांवाच्या रस्त्याजवळ पटकीची भयंकर सांथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून दाखविलें कीं, बहुतेक मृत माणसें एकाच पंपाचें पाणी पीत होतीं. त्या पंपाचें पाणी लोकांस आवडत असे. हॅम्पस्टेड येथें दूर राहणारी एक विधवा बाई केवळ चवीसाठीं तेंच पाणी रोज मागवीत असे. ती त्या सांथींत मरण पावली. आणखी ध्यानांत धरण्याची गोष्ट अशी कीं, जवळच्या लहान दुकानांतून त्याच पाण्यांत फसफसणारी भुकटी घालून तें ‘सरबत’ म्हणून विकलें जात असे. पाण्याचें नांव बदललें, चव बदलली, परंतु त्यांतील विष होतें तेथेंच होतें. पुढें पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. पटकीचे जंतु रॉबर्ट कॉख यांनीं इ. स. १८८३-८४ च्या सुमारास इजिप्त व कलकत्ता येथें शोधून दाखविले, तेव्हां स्नो यांच्या अनुमानास पुष्टि मिळाली.

यावरून पहिला नियम निघतो तो हा : सुगंधी पाण्याची कृति सुगंधापासून नव्हे, शुद्ध पाण्यापासून सुरू होते. लिंबाच्या चार चकत्यांनीं किंवा तुळशीच्या पानांनीं दूषित पाणी पिण्याजोगें होत नाहीं. गढूळ पाणी प्रथम निवळूं द्यावें व स्वच्छ दुपदरी कापडांतून गाळावें. मग तें खळखळ उकळी येईपर्यंत तापवून ती उकळी निदान एक मिनिट राहूं द्यावी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून अधिक उंच असल्यामुळें येथें पाणी शंभराऐवजीं सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. परंतु रोगजंतूंचा नाश करण्यास तेवढी उष्णता पुरेशी आहे. उकळलेलें पाणी त्याच भांड्यांत झांकून निवूं द्यावें. त्यांत हात किंवा उष्टा पेला बुडवूं नये, दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें. चरकसंहितेंत ज्वरावर सांगितलेलें षडंगपानीय वाळा, नागरमोथा, पित्तपापडा, चंदन, सुंठ इत्यादि सहा द्रव्यांनीं करितात, आणि तेंही उकळून निवविलेलें पाणीच असतें.

दुसरा नियम भांड्याचा. लिंबू, कोकम, करवंद यांत आम्ल असतें. असें पाणी कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेविलें तर धातु पाण्यांत उतरते व मळमळ, वांति होते. यासाठीं कांच, चिनी माती, उत्तम पोलाद किंवा मातीचा माठ वापरावा. माठांत पाणी थंड कां होतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच : छिद्रांवाटे झिरपलेलें पाणी बाहेरच्या अंगावर वाळतें, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून घेतें. म्हणूनच एप्रिलच्या कोरड्या हवेंत माठ गार लागतो, आणि आषाढाच्या दमट धुक्यांत तोच माठ कामचुकार ठरतो.

तिसरा नियम धुण्याचा. पानें, मुळें व फळें चिरण्यापूर्वीं वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावीं. सालीसह घालावयाचें फळ चोळून धुवावें, कारण सुगंधी तेल बहुतेक सालींतच असतें आणि धूळ व फवारलेलीं औषधेंही तेथेंच असतात.

आतां कृति. प्रमाण सर्वत्र एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्याचें समजावें.

वाळ्याचें पाणी. वाळा हें एका गवताचें मूळ. बोटभर जाडीची जुडी चार पाण्यांतून धुऊन, माती पूर्ण गेली म्हणजे स्वच्छ फडक्यांत सैल बांधून माठांत सोडावी. चार-पांच तासांनीं पाण्यास मंद मातकट सुगंध येतो. जुडी रोज काढून कडक उन्हांत वाळवावी. वास सरला किंवा बुळबुळीतपणा आला कीं टाकून द्यावी.

लिंबू, काकडी व पुदिना. अर्ध्या लिंबाच्या पातळ चकत्या, काकडीच्या सहा-सात चकत्या व पुदिन्याचीं दहा-बारा पानें घ्यावीं. पानें कुटूं नयेत. तळहातांत हलकेच दाबावीं, म्हणजे तेल सुटतें पण हिरवा उग्रपणा येत नाहीं. दोन तासांनीं लिंबाच्या चकत्या काढाव्या. अधिक वेळ राहिल्यास सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडूपणा पाण्यांत उतरतो.

करवंदांचें पाणी. वैशाखांत डोंगरांतल्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदें घेऊन बसतात. तें आपल्या मावळाचें खरें फळ. पूर्ण पिकलेलीं पंधरा-वीस करवंदें धुऊन, दोन भाग करून, तीन तास भिजवावीं व गाळून घ्यावीं. पाण्यास गुलाबी झांक येते. पुढें मृग लागला म्हणजे हीच कृति जांभळांची करावी.

कोकमाचें पाणी. चार-पांच आमसुलें धुऊन दोन तास भिजवावीं. वाळवितांना त्यांस बहुधा मीठ लावलेलें असतें, म्हणून निराळें मीठ घालूं नये.

गवती चहा व आलें. ही पावसाळ्याची कृति, आणि हा फांट आहे. पात्याचे बोटभर लांबीचे आठ-दहा तुकडे व ठेचलेलें बोटाच्या पेराएवढें आलें यांवर कढत पाणी ओतून दहा मिनिटें झांकून ठेवावें. झांकण विसरूं नये; सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातें, आणि घरभर वास सुटला म्हणजे पेल्यांतला गेला असें समजावें.

विद्यार्थिमित्रांसाठीं एक गंमत. जांभळाच्या पाण्याचे दोन पेले घ्या. एकांत लिंबाचे थेंब पिळा, दुसऱ्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पहिला अधिक लाल होईल, दुसरा निळसर-हिरवट छटेकडे वळेल. फळांतील हें रंगद्रव्य आम्ल व अल्क ओळखणारा घरगुती साक्षीदार आहे. सोड्याचा पेला मात्र पिऊं नका.

फळांचें पाणी दोन तासांहून अधिक वेळ उबेंत राहूं देऊं नये. शीतकपाट असल्यास आरंभापासूनच त्यांत ठेवावें व चोवीस तासांच्या आंत संपवावें. शीतकपाट नसल्यास भिजवूनही दोन तासांत गाळावें व लगेच प्यावें, मग रंग थोडा फिका राहिला तरी चालेल. फेंस, तार किंवा आंबूस वास आल्यास तें झाडांस घालावें. काटकसर पोटावर करूं नये.

आतां या पाण्याचा गुण किती, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. यानें रक्त शुद्ध होतें, चरबी झडते, सर्व रोग पळतात असें जें ऐकूं येतें, त्यावर विश्वास ठेवूं नये. चकत्यांतून पाण्यांत उतरणारें जीवनसत्त्व अल्प; फळ खाल्ल्यानें जें मिळतें तें त्याच्या वासानें मिळत नाहीं. यासाठीं गाळून उरलेली काकडी व करवंदें खाऊन टाकावीं. खरा लाभ दुसरा आहे. बाजारांतील गोड पेयाच्या तीनशें मिलिलिटरच्या बाटलींत सुमारें तीस ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. मुलास तहान लागली असतां त्याच्या हातीं ही बाटली न देतां वाळ्याच्या पाण्याचा पेला दिला, तर तहान भागते, दांत वांचतात व पैसाही वांचतो. साखर न घालतां पाणी प्यावेंसें वाटणें, एवढेंच या सुगंधाचें काम; आणि तें लहान नव्हे.

तसेंच, हगवण लागलेल्या मुलास सुगंधी पाण्यावर ठेवूं नये. एक लिटर शुद्ध पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें पाजावें, आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावें. हें माप आम्हीं त्या दवाखान्यांतच शिकलों. तें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करावें अशी आमची विनंति आहे.

त्या सहलीनंतर आम्हीं वर्गांत एक माठ ठेविला आहे. पाळीप्रमाणें दोघे जण सकाळीं उकळून निवविलेलें पाणी आणतात, माठ घासतात, आणि मगच त्यांत वाळ्याची जुडी सोडतात. तो लहान मुलगा मधल्या सुट्टींत पाणी पिण्यास येतो. पहिल्या दिवशीं पेला तोंडास लावण्यापूर्वीं त्यानें विचारलें, “उकळलें आहे ना?” आम्हीं होय म्हटलें, तेव्हां कोठें तो प्याला. पालकांस व बालमित्रांस आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, पाण्याचा वास घेण्यापूर्वीं हाच प्रश्न विचारावा.