कॅल्शियमची दारे

कॅल्शियम म्हटले की आपल्याला दूध आणि हाडे आठवतात. पण हृदयाचा ठोकाही त्याच्याच जिवावर पडतो, हे १८८३ मध्ये लंडनच्या डॉ. सिडनी रिंगर यांनी दाखवून दिले. नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारांच्या द्रावणात बेडकाचे काढलेले हृदय धडधडत राही; डिस्टिल्ड वॉटर वापरले की थोड्याच वेळात थंडावे. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या किंचितशा कॅल्शियमचा!

पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर कॅल्शियम सुमारे १०,००० पट असते. पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडली, की ते आत घुसते. मज्जातंतूच्या टोकाशी घुसले, तर निरोप पुढच्या पेशीकडे जातो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत घुसले, तर वाहिनी आवळते आणि रक्तदाब चढतो. अ‍ॅम्लोडिपिनची गोळी या स्नायूंतली दारे अडवते.

ही गोळी सुरू झाली तेव्हा माझ्या मावशीने विचारले, ‘‘कॅल्शियम अडवते म्हणे. मग माझ्या हाडांचे काय? दूध सोडू का?’’ मी म्हटले, ‘‘मावशी, गोळी दार अडवते, कोठार रिकामे करत नाही. दूध खुशाल पी.’’

दाब उतरला म्हणून कित्येकजण गोळी परस्पर सोडून देतात. गोळीचा अंमल ओसरला, की दारे पुन्हा मोकळी होतात आणि दाब मुकाट्याने चढू लागतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.