कुंपणच शेत खाते तेव्हा
लेखमाला : कला आणि आपण, भाग 8

मागच्या भागात चित्रे दालनाबाहेर, रस्त्यावर कशी आली ते पाहिले. आज त्याच वाटेवरचा एक टोचणारा विषय घेऊ : सुरक्षा. आपले रक्षण नेमके कोणापासून चालले आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे कलावंतांनी स्वतःच उभ्या केलेल्या काही उपक्रमांतून पुढे आले.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या हुमा मुल्जी या कलावंतांनी 2000 साली ‘आर-पार’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा कारगिलच्या युद्धाला वर्षच झाले होते. इकडच्या कलाकृती तिकडे, तिकडच्या इकडे, आणि त्या पाहायच्या तिकीट काढून नव्हे तर शहरात वावरताना. पुढे 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला झाला. दोन्ही फौजा सीमेवर समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि 2002 चे बहुतेक वर्ष त्या ताणात गेले. नेमक्या त्याच वर्षी दुसरी फेरी झाली. कलावंतांनी चित्रे ईमेलने पलीकडे पाठवली, तिथल्यांनी ती साध्या कागदावर छापून आपल्या शहरात लोकांपुढे ठेवली. माणसाला व्हिसा मिळणे मुश्कील होते, तेव्हा चित्र गेले. ‘आर-पार’ने सीमा पुसा असे म्हटल्याचे मला दिसत नाही. ज्यांच्यापासून आपले रक्षण चालले आहे त्यांचे आपण काहीच पाहिलेले नाही, एवढे मात्र त्याने उघडे केले, आणि त्या वर्षी ते करायला छाती लागत होती.

शिल्पा गुप्तांनी हा धागा पुढे सोडला नाही. 2007 च्या एका कामात त्यांनी पिशव्यांवर छापले : ‘यात स्फोटके नाहीत’. प्रेक्षकाने ती पिशवी घेऊन रस्त्यावर फिरायचे. वाक्य निर्धोक, पण वाचणारा दचकतो आणि पिशवी धरणाऱ्याला उगाच गुन्हेगार असल्यासारखे वाटते. संशयाची नजर अंगावर घेणे म्हणजे काय, हे बातमी वाचून कळत नाही ते अशा दहा मिनिटांत कळते.

माझ्या मनात मात्र घर करून राहिले आहे ते त्यांचे 2009 चे फाटक. घराला असते तसेच लोखंडी, भिंतीवर बसवलेले. ते यंत्राने सारखे डावी-उजवीकडे फिरते आणि प्रत्येक वेळी भिंतीवर आदळते. हळूहळू गिलावा निघतो, भिंत फुटत जाते. 2019 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते मांडले होते. राखण करणारी वस्तूच राखायची वस्तू फोडते आहे. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण जाणणाऱ्याला हे काम समजावून सांगावे लागत नाही.

तेलंगणातल्या आपल्या भीमपूर मंडलात तर अजिबात नाही. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे, सुमारे 148 चौरस किलोमीटरचे. तिथले वाघ नदी ओलांडून इकडे येतात. राज्याची हद्द त्यांना ठाऊक नाही. रानडुकरे आणि रोही तर रोजचेच. म्हणून जागलीला जावे लागते, माळ्यावर रात्र काढावी लागते. ज्याला परवडते तो झटका मशीन लावतो. तिचा प्रवाह क्षणभर टोचतो आणि सोडतो. ज्याला परवडत नाही तो कधी कधी थेट खांबावरून तार ओढतो. ती तार सोडत नाही. अशा तारांनी विदर्भात आणि तेलंगणात वाघ मेले, आणि अंधारात बांधावरून चालणारी माणसेही मेली. त्यामागची शेतकऱ्याची धास्ती खोटी नाही. एका रात्रीत डुकरांनी अख्खे शेत लोळवले की वर्षाचे गणित संपते. तरीही गुप्तांचे फाटक आणि ही तार यांत मला फरक दिसत नाही.

कपाशीचेही तसेच झाले. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली ती बोंडअळीपासून संरक्षण म्हणून. सुरुवातीला फवारण्या घटल्या, हे मान्य करायलाच हवे. पण आपल्याकडे बीटी आले ते संकरित वाणांतून, आणि संकरित वाणाची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. दर हंगामात पाकीट विकत घेणे आले. पुढे गुलाबी बोंडअळीने दाद देणे सोडले, फवारणी परत आली. 2017 च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक वाचवायला पाठीवर घेतलेला पंपच जिवावर उठला.

याला कलेतून उत्तर शोधणारे गाव फार लांब नाही. पारडसिंगा, काटोलजवळचे अनसूयामातेचे नव्हे, तर सीमेपलीकडचे, मध्य प्रदेशातल्या सौसर भागातले. नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड यांनी तिथले शेतकरी, महिला आणि कलावंत यांच्यासोबत ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ उभा केला. त्यांच्या ‘ग्राम धरा चित्र उत्सवा’त शेत हाच कॅनव्हास. सप्टेंबर 2014 मध्ये ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली होती, त्यावर या मंडळींनी शेतात पेरणी करून पंतप्रधानांचा भव्य चेहरा साकारला आणि सोबत विनंती केली की भारतात पिकवाही. गावातल्या महिला कापसाच्या हातसुताच्या राख्या करतात आणि त्यांत देशी बियाणे गुंफतात. सण झाला की राखी मातीत लावायची.

मला हे काम दालनातल्या कितीतरी कामांपेक्षा मोठे वाटते, कारण इथे सुरक्षेसाठी कोणाला बाहेर ठेवावे लागत नाही. बियाणे वाटल्याने कमी होत नाही. दुष्काळात एकाचे गेले तर ते शेजाऱ्याच्या गाडग्यातून परत मिळते. राख्यांनी बाजारातले पाकीट हटणार नाही, हे खरे. पण बी राखून ठेवायची सवय एकदा मोडली की ती शिकवायलाही कोणी उरत नाही, आणि पारडसिंग्यात ती सवय हातात ठेवली जाते आहे.

असा उत्सव भीमपुरात भरला तर साहित्य बाहेरून आणायला नको. जागलीचा माळा, झटका मशीनची तार, फवारणीचा पंप आणि आजीच्या उतरंडीतली तुरी-ज्वारीची बियाणी एकाच शेतात मांडावीत, आणि सांगायला माळ्यावर रात्री काढलेल्यांनीच उभे राहावे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांनी मिळून तो भरवावा, कारण वाघ, अळी आणि बियाणे तिघेही नदी ओलांडतात.

पुढच्या भागात : मारलावाईचे कनक राजू, 2021 ची पद्मश्री आणि गुस्साडी नृत्य.